पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी भक्कम दुर्बीण कशी निवडावी?

मुक्तवाट

नमस्कार. माझी भाची साडेपाच वर्षांची आहे आणि घराबाहेर पडली की तिचे सगळे लक्ष शोधाशोधीत गुंतलेले असते. झाडाच्या शेंड्यावर काय हलले, कुंपणापलीकडे कोण बसले आहे, दगडाखालून कोण बाहेर आले, हे तिला जवळून पाहायचे असते. तिच्याकडे खेळण्यातली एक दुर्बीण आहे. ती डोळ्यांना लावली की भाची मान किंचित वाकडी करते, डावा डोळा घट्ट मिटून घेते आणि थोड्याच वेळात दुर्बीण खाली करून नुसत्या डोळ्यांनी पाहू लागते. मी स्वतः त्यातून पाहिले तेव्हा मधोमध एक लहानसे धूसर वर्तुळ आणि वस्तूंच्या कडांना जांभळट-पिवळी किनार, एवढेच दिसले. म्हणून आता तिला खरोखर उपयोगी पडेल अशी दुर्बीण द्यावी असे मनात आहे.

मात्र ही दुर्बीण हातातून पडणार, चिखलात टेकली जाणार आणि कधीतरी पावसातही भिजणार, हे गृहीत धरूनच निवड करावी लागेल. वर्णनांमध्ये ८×२१, १०×२५, ६×३० असे आकडे दिसतात, ‘मुलांसाठी खास’ आणि ‘शॉकप्रूफ’ अशी विशेषणेही दिसतात, परंतु त्यांपैकी कशाला महत्त्व द्यावे ते कळत नाही. किती पटीची दुर्बीण या वयाला योग्य आहे, मुलांसाठीची घ्यावी की मोठ्यांची लहान आकारातली घ्यावी, आणि भक्कमपणा नेमका कशावरून ओळखावा, याबद्दल अनुभवी सदस्यांनी मार्गदर्शन करावे.

रानपाखरू

मुलांना पक्षिनिरीक्षणाला घेऊन जाण्याचे काम मी बराच काळ करत आलो आहे, आणि आपण लिहिलेली एक डोळा मिटण्याची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बहुतेक वेळा त्याचे कारण अगदी साधे असते. दुर्बिणीच्या दोन नेत्रिकांमधील, म्हणजे डोळे लावायच्या भिंगांमधील, अंतर मुलाच्या डोळ्यांमधील अंतरापेक्षा जास्त असते, त्यामुळे एका वेळी एकाच डोळ्याला चित्र दिसते आणि दुसऱ्या डोळ्यापुढे काळोख येतो. प्रौढ माणसाच्या दोन बाहुल्यांमधील अंतर सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असते. पाच-सहा वर्षांच्या मुलांमध्ये ते साधारण ५० ते ५३ मिलिमीटर असते. मोठ्यांसाठीच्या पुष्कळ दुर्बिणी पूर्ण मिटल्या तरी नेत्रिकांमधील अंतर ५६-५८ मिलिमीटरच्या खाली जात नाही. अशी दुर्बीण कितीही उत्तम आणि कितीही भक्कम असली तरी त्या मुलासाठी ती निरुपयोगीच ठरते. म्हणून वर्धनाचा, म्हणजे किती पट याचा, आकडा पाहण्याआधी हे किमान अंतर पाहावे, असा माझा आग्रह आहे. उत्पादकाच्या तांत्रिक माहितीत ते बहुधा दिलेले असते, आणि नसले तर दुर्बीण पूर्ण मिटून एका नेत्रिकेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत पट्टीने मोजता येते.

आता आकड्यांविषयी. ६×३० मधील ६ म्हणजे वस्तू सहा पट जवळ असल्यासारखी दिसते आणि ३० म्हणजे पुढच्या वस्तुभिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले की नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. ६×३० मध्ये ती ५ मिलिमीटर येते, तर ८×२१ मध्ये जेमतेम २.६ मिलिमीटर. मुलांच्या बाबतीत हा भागाकार फार निर्णायक असतो, कारण मूल दुर्बीण स्थिर धरत नाही आणि तिची नेत्रिका बाहुलीसमोर अचूक आणतही नाही. झोत ५ मिलिमीटरचा असला तर हात थोडा इकडेतिकडे झाला तरी चित्र टिकते. अडीच मिलिमीटरचा असला तर किंचित हलताच चित्राच्या कडेने काळी सावली सरकत येते, आणि मूल ‘दिसत नाही’ म्हणून दुर्बीण सोडून देते. झाडीखाली किंवा संध्याकाळच्या मंद उजेडात हा फरक अधिकच जाणवतो.

दहा पटीच्या दुर्बिणीचा मोह टाळावा. दुर्बीण जितकी जास्त पटीची, तितकाच हाताचा कंपही मोठा होऊन दिसतो आणि दृष्टिक्षेत्र बहुधा आक्रसते. सहा पटीच्या चांगल्या दुर्बिणीचे दृष्टिक्षेत्र ८ अंशांच्या आसपास असते, म्हणजे १००० मीटरवर सुमारे १४० मीटर रुंदीचा पट्टा एका नजरेत येतो. मुलाला पक्षी ‘मोठा’ दिसण्यापेक्षा आधी ‘सापडणे’ आवश्यक असते आणि त्यासाठी रुंद क्षेत्रच उपयोगी पडते. पाच ते सात-आठ वर्षांपर्यंत सहा किंवा साडेसहा पट पुरेशी आहे. पुढे आठ पटीचा विचार करावा.

कोवा या कंपनीची वायएफ मालिकेतील ६×३० दुर्बीण या गरजेत चांगली बसते. तिच्या नेत्रिका ५० मिलिमीटरपर्यंत जवळ येतात, ती जलरोधक आहे आणि तिचे वजन पाचशे ग्रॅमच्या आत आहे. मात्र तिचा फोकस सुमारे ५ मीटरपेक्षा जवळ येत नाही, त्यामुळे दगडाखालून निघालेल्या जीवांसाठी तिचा थेट उपयोग होणार नाही.

टेकडीवाट

वरील प्रतिसादाशी मी बव्हंशी सहमत आहे, परंतु वजनाच्या मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे. साडेपाच वर्षांच्या मुलीच्या गळ्यात जवळजवळ अर्धा किलो वजन अडकवले तर पहिल्या चढावरच ती दुर्बीण मोठ्या माणसाच्या पिशवीत जाते आणि मग मागितल्याशिवाय मुलीच्या हाती येत नाही. शोध घेणाऱ्या मुलाला वस्तू त्याच क्षणी हाताशी लागते. पक्षी काही पिशवीची चेन उघडेपर्यंत थांबत नाही. माझ्या घरातल्या मुलांनी दोनशे ग्रॅमच्या आसपासची ६×२१ दुर्बीण मनापासून वापरली, कारण ती सतत त्यांच्याच अंगावर असायची. तिचा प्रकाशझोत ३.५ मिलिमीटरचा येतो. तो ६×३० इतका नसला तरी दिवसाउजेडी पुरेसा असतो.

लहान आकाराच्या दुर्बिणींमध्ये दोन बिजागऱ्यांच्या घडीच्या दुर्बिणी येतात. त्या खूप जवळ मिटतात, त्यामुळे डोळ्यांच्या अंतराचा प्रश्न कागदोपत्री सुटतो. प्रत्यक्षात मात्र प्रत्येक वेळी उघडताना दोन्ही बाजू सारख्या कोनात आणाव्या लागतात आणि ते लहान मुलाला जमत नाही. म्हणून लहान दुर्बीण घ्यायची झाली तरी मध्यभागी एकच बिजागरी असलेली घ्यावी, ती थोडी घट्ट असावी आणि एकदा लावलेले अंतर तसेच राहावे.

नेत्रपटल

मी नेत्रतपासणीच्या कामात आहे. या चर्चेत आलेल्या दोन-तीन मुद्द्यांना थोडी पुस्ती जोडतो.

डोळ्यांतील अंतर घरी मोजणे सोपे आहे. मुलीला आपल्या खांद्यावरून दूरच्या एखाद्या वस्तूकडे पाहायला सांगावे, पट्टी तिच्या भुवयांखाली नाकावर अलगद टेकवावी आणि एका बाहुलीच्या उजव्या कडेपासून दुसऱ्या बाहुलीच्या उजव्या कडेपर्यंतचे अंतर घ्यावे. बाहुलीचा मध्य नजरेने ठरवण्यापेक्षा कडेपासून कडेपर्यंत मोजणे अधिक अचूक ठरते. तिने मोजणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिले तर डोळे आत वळतात आणि माप कमी येते, एवढी काळजी घ्यावी.

मुलांसाठीच्या काही दुर्बिणींना फोकसचे चाकच नसते आणि ‘फोकस करण्याची गरज नाही’ ही गोष्ट सोय म्हणून सांगितली जाते. वस्तुतः अशा दुर्बिणीत फोकस करण्याचे काम डोळ्यालाच करावे लागते. डोळ्यावर पडणारा हा ताण वर्धनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सहा पटीच्या, अनंतावर स्थिर केलेल्या दुर्बिणीतून ३६ मीटरवरचे झाड पाहताना डोळ्याला सुमारे १ डायॉप्टर (भिंगाच्या शक्तीचे एकक) इतके समायोजन, म्हणजे आपला फोकस बदलण्याचे काम, करावे लागते, तर ६ मीटरवरच्या फांदीसाठी तेच ६ डायॉप्टर होते. लहान मुलांच्या डोळ्यांची समायोजनक्षमता मोठ्यांपेक्षा पुष्कळ जास्त असल्यामुळे त्यांना क्षणभर स्पष्ट दिसतेही, परंतु असे ताणून पाहणे फार वेळ टिकत नाही. म्हणून मधोमध फोकसचे चाक असलेली दुर्बीणच घ्यावी. चाक रुंद आणि खरखरीत असावे, मुलीच्या तर्जनीने सहज फिरावे. दोन डोळ्यांच्या नंबरांतील फरक भरून काढणारे उजव्या नेत्रिकेवरचे डायॉप्टरचे कडे आपण एकदा जुळवून ठेवावे. ते सैल फिरणारे असेल तर त्यावर कागदी चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावावा, म्हणजे खेळता खेळता ते सरकणार नाही.

मुलगी चष्मा लावत असेल तर नेत्रिकेपासून डोळ्यापर्यंतचे उपयुक्त अंतर १५ मिलिमीटर किंवा अधिक असलेली दुर्बीण पाहावी आणि रबरी कडी खाली दुमडावीत. चष्मा नसेल तर ती वर ठेवावीत.

डोळ्यांच्या मापाशी जुळणारी दुर्बीण हाती देऊनही मूल नेहमी तोच एक डोळा मिटत असेल, तर मात्र त्याला सवय समजून सोडून देऊ नये. दोन डोळ्यांच्या नंबरांत मोठा फरक असणे किंवा एक डोळा मंद असणे ही कारणे असू शकतात. या वयात ती लक्षात आली तर उपचाराचा चांगला उपयोग होतो, म्हणून एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.

आणि दुर्बीण मुलीच्या हाती देण्याआधी सूर्याबद्दल तिला अगदी स्पष्ट सांगावे. दुर्बिणीतून सूर्याकडे क्षणभर पाहिले तरी दृष्टिपटलाला कायमची इजा होऊ शकते, आणि दृष्टिपटलाला वेदना होत नसल्यामुळे मुलाला त्याच वेळी काहीही जाणवत नाही. ‘सूर्य ज्या बाजूला आहे त्या बाजूला दुर्बीण वळवायचीच नाही’ असा सरळ नियम मुले चांगल्या रीतीने पाळतात. सकाळी आणि संध्याकाळी सूर्य क्षितिजाजवळ असताना मोठ्या माणसाने शेजारीच थांबावे.

लोलक

ऑप्टिकल उपकरणे दुरुस्त करणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे भक्कमपणाच्या प्रश्नाचे उत्तर जरा सविस्तर देतो.

बाहेरचे जाड रबर पाहून दुर्बीण मजबूत असेल असे वाटणे स्वाभाविक आहे. रबरामुळे पकड सुधारते, ओरखडे टळतात आणि लहान धक्के काही प्रमाणात शोषले जातात. परंतु पडल्यावर दुर्बीण बिघडते ती बहुधा आतून. तिच्या प्रत्येक नळीत चित्र सुलटे करणारे लोलक असतात, आणि दोन्ही नळ्यांमधून येणारी चित्रे डोळ्यांपुढे एकमेकांवर तंतोतंत बसतील अशा रीतीने ते रोखलेले असतात. स्वस्त दुर्बिणीत हे लोलक प्लॅस्टिकच्या खाचेत गोंदाच्या एखाद-दोन ठिपक्यांवर टिकून असतात. एका पडण्यातच त्यांपैकी एखादा केसभर सरकतो, आणि मग बाहेर चरादेखील उमटलेला नसताना आतली चित्रे एकमेकांपासून वर-खाली झालेली असतात. आपले डोळे आडवा फरक बराच सांभाळून घेतात, उभा फरक मात्र त्यांना फारच थोडा सोसतो. मोठ्या माणसाचे डोके दुखू लागते आणि तो तसे सांगतो. लहान मूल काहीच न बोलता दुर्बीण वापरणे सोडून देते.

म्हणून ही तपासणी प्रत्येक पालकाला यावी असे मला मनापासून वाटते. दूरच्या इमारतीच्या छताची आडवी कड दुर्बिणीतून पाहावी आणि मग दुर्बीण तशीच धरून डोळ्यांपासून हळूहळू एक वीतभर दूर न्यावी. दोन वेगळी वर्तुळे दिसू लागतील. दोन्ही वर्तुळांत छताची कड एकाच उंचीवर असली पाहिजे. एकात ती वर आणि दुसऱ्यात खाली दिसत असेल तर ती दुर्बीण मुलाला देऊ नये. नवी दुर्बीण घेताना ही तपासणी करावी, आणि पुढे प्रत्येक मोठ्या पडण्यानंतरही करावी.

खेळण्यातल्या बऱ्याच दुर्बिणींमध्ये लोलक नसतातच. पुढे बहिर्गोल आणि मागे अंतर्गोल भिंग अशी ती सरळ नळी असते, म्हणून तिचे दृष्टिक्षेत्र इतके अरुंद असते. आपण पाहिलेली रंगीत किनार साध्या एकेरी भिंगामुळे येते. खऱ्या दुर्बिणीत दोन प्रकारच्या काचा जोडून ती बरीचशी काढून टाकलेली असते.

खऱ्या दुर्बिणींपैकी, आत लोलक असूनही सरळ नळ्यांच्या दिसणाऱ्या दुर्बिणी आणि खांदे बाहेर आलेल्या पोरो लोलकांच्या दुर्बिणी, या दोहोंत मुलासाठी मी बहुधा दुसरा प्रकार सुचवतो. इटलीच्या इग्नाझिओ पोरो यांनी ही लोलकरचना १८५४ मध्ये पेटंट केली. ती बनवायला तुलनेने सोपी असल्यामुळे मध्यम दर्जाच्या दुर्बिणीतही चित्र स्वच्छ मिळते. शिवाय तिच्यात वस्तुभिंगे नेत्रिकांच्या समोर नसून बाजूला असल्यामुळे, भिंगे मोठी असली तरी नेत्रिका एकमेकींच्या जवळ येऊ शकतात. सरळ नळ्यांमध्ये दोन जाड नळ्या एकमेकींना टेकल्या की अंतर तिथेच थांबते.

‘जलरोधक’ आणि ‘पाण्याच्या शिंतोड्यांपासून सुरक्षित’ हे दोन वेगळे दावे आहेत. आयपीएक्स ७ असे लिहिले असेल तर ते उपकरण १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे राहिल्यावरही आत पाणी जाऊ नये, असा त्याचा अर्थ. आत नायट्रोजन भरलेला असेल तर थंड जागेतून दमट हवेत आल्यावर भिंगांच्या आतल्या बाजूला बाष्प धरत नाही. चिखलात आणि पावसात वापरणाऱ्या मुलासाठी जलरोधक दुर्बिणीचा आणखी एक मोठा फायदा म्हणजे ती नळाच्या हलक्या धारेखाली धुता येते. वाळूचे कण कापडाने पुसले तर भिंगावरचा लेप ओरखडला जातो. पाण्याने ते आधीच वाहून जातात. ज्या दुर्बिणीला पाणी चालत नाही तिच्यावर आधी हवेचा फुगा आणि मऊ ब्रश फिरवावा, मग मायक्रोफायबरचे कापड वापरावे. सदऱ्याच्या टोकाने भिंग पुसू नये, हे मुलालाही पहिल्याच दिवशी शिकवावे.

दोन गोष्टी निश्चित टाळाव्यात. पट बदलता येणाऱ्या झूम दुर्बिणीत हलणारे भाग अधिक असतात आणि दोन्ही बाजूंचे वर्धन सारखे राहणे धक्क्यांनंतर कठीण होते. दुसरे म्हणजे, आरशासारखी लाल चमकणारी वस्तुभिंगे. ती लाल प्रकाश परत फेकतात, त्यामुळे चित्र हिरवट आणि अंधारे होते. लेप न दिलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परतून जातो आणि दुर्बिणीत असे बरेच पृष्ठभाग असतात, म्हणून सर्व पृष्ठभागांवर बहुस्तरीय लेप असल्याचा उल्लेख पाहून घ्यावा.

मुक्तवाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. नेत्रपटल यांनी सांगितल्याप्रमाणे अंतर मोजले, ते ५१ मिलिमीटर भरले. खेळण्यातल्या दुर्बिणीचे अंतर ५९ मिलिमीटर आहे आणि ते बदलताच येत नाही, त्यामुळे भाची डोळा का मिटत होती ते कळले. ५० मिलिमीटरपर्यंत मिटणारी ६×३० जलरोधक दुर्बीण घ्यावी, या निष्कर्षाकडे मी झुकले आहे. वजनाचा टेकडीवाट यांचा आक्षेप मात्र मनात आहे. तसेच जवळचे किडे पाहण्यासाठी वेगळे काही घ्यावे का आणि गळ्यातल्या पट्ट्याबाबत काय काळजी घ्यावी, हेही सांगावे.

रानपाखरू

टेकडीवाट यांचा आक्षेप योग्य आहे आणि त्यावर उपाय पट्ट्यातच आहे. दुर्बिणीसोबत येणारा पट्टा मोठ्यांच्या मापाचा असतो. मुलाच्या गळ्यात तो पोटापर्यंत लोंबतो, चालताना दुर्बीण हेलकावे खाते, वाकल्यावर दगडावर आपटते आणि वजन आहे त्याहून जास्त वाटते. पट्टा इतका आखूड करावा की दुर्बीण छातीच्या वरच्या भागावर टेकेल, मात्र मान न वाकवता डोळ्यांपर्यंत येईल. पट्टा रुंद असावा आणि ताण आल्यास आपोआप सुटणाऱ्या खटक्याचा असावा. झाडावर, जाळीवर किंवा घसरगुंडीवर चढताना दुर्बीण गळ्यातून काढायची, हा नियम सुटणारा खटका असला तरीही ठेवावा. चढ मोठा असेल तेव्हा ती मोठ्यांनी घ्यावी, यात काही बिघडत नाही. डोळ्यांना लावल्यावर मुलीने गुडघ्यांवर, कठड्यावर किंवा झाडाच्या बुंध्यावर कोपरे टेकली तर वजनाचा त्रास पुष्कळ कमी होतो.

किड्यांसाठी पेंटॅक्स कंपनीची पॅपिलिओ ही ६.५×२१ दुर्बीण अर्ध्या मीटरवर फोकस होते आणि तिच्यातून फुलावरचे फुलपाखरू पाहणे हा मोठा आनंद आहे, परंतु ती जलरोधक नाही. शिवाय नेत्रिकांचे किमान अंतर भाचीच्या मापाशी पडताळून पाहिल्याशिवाय तिचा विचार करू नये. तोवर ६×३० उलटी धरावी. मोठ्या भिंगाकडून डोळा लावून नेत्रिका पानापासून काही सेंटिमीटरवर नेली की ती भिंगासारखी काम करते आणि मुंगीच्या मिशा वेगळ्या दिसतात. यासाठी सावलीतले पान निवडावे आणि नेत्रिका पानाला टेकू देऊ नये.

सुरुवातीला पक्ष्यांच्या मागे लागू नये. आधी एखादी मोठी, स्थिर वस्तू घ्यावी, उदाहरणार्थ दूरचा खांब किंवा झाडाची फांदी फुटते ती जागा. मुलीने नुसत्या डोळ्यांनी तिच्याकडे पाहावे, नजर जराही न हलवता दुर्बीण वर उचलावी आणि मगच चाक फिरवावे. बहुतेक मुले आधी दुर्बिणीकडे पाहतात, ती डोळ्यांना लावतात आणि नंतर आकाशभर शोधत राहतात. खांबावर थोडा सराव झाला की ही सवय जाते. शुक्ल अष्टमीच्या आसपासचा चंद्रही या सरावाला फार चांगला असतो, कारण तो हलत नाही असेच वाटते, आणि उजेड व अंधार यांच्या सीमारेषेजवळची मोठी विवरे सहा पटीतही ओळखू येतात.